उलट्या बाजूचाही फोटो काढा: शिवणकामाचा छंद आणि आपली कला लोकांपुढे नेणं

माझ्या पहिल्या प्रदर्शनात एका बाईंनी टेबलावरची कापडी पिशवी उचलली. बाहेरचं नक्षीकाम त्यांनी धड पाहिलंही नाही. थेट आत हात घातला, पिशवी उलटी केली आणि आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवत खालपर्यंत गेल्या. कुठे दोरा लोंबत नव्हता, कापडाची कड उसवलेली दिसत नव्हती. "आतूनही छान आहे हो," एवढंच म्हणाल्या आणि दोन पिशव्या घेऊन गेल्या. तोपर्यंत मी फक्त सुलट्या बाजूचे फोटो टाकत होते. त्या दिवसापासून उलट्या बाजूचेही काढायला लागले, आणि माझ्या कामाकडे बघणाऱ्या लोकांत फरक पडला. नुसतं "मस्त!" म्हणून पुढे जाणाऱ्यांच्या जोडीला "ही शिवण कशी घातली?" असं विचारणारे लोक येऊ लागले.

शिवणकामाची गोडी आणि त्याची प्रसिद्धी या दोन्ही गोष्टी मला त्या आतल्या बाजूपाशी एकत्र येताना दिसतात. म्हणून आधी शिवण्याबद्दल बोलू, मग दाखवण्याबद्दल.

बसायची जागा

छंद बहुतेक वेळा मांडामांडीच्या कंटाळ्याने सुटतो. यंत्र कपाटात, दोरे एका डब्यात, कात्री तिसरीकडे, आणि इस्त्री करायची तर आधी टेबल रिकामं करा. असं असेल तर अर्ध्या तासाच्या फुरसतीत कोणी शिवायला बसत नाही. स्वतंत्र खोली नको, पण यंत्र कायम उघडं राहील एवढा एक कोपरा हवा. तेही जमत नसेल तर एका पेटीत सगळं ठेवा: कापड कापायची कात्री, दोरे कापायची छोटी कात्री, टाचण्या, मोजपट्टी, खडू, उसवणी (टाके उसवायचं छोटं टोकदार हत्यार), सुयांचं पाकीट आणि सध्या हातात असलेलं काम.

कापडाच्या कात्रीने कागद कापू नका. कागदाने धार लवकर जाते, आणि बोथट कात्री कापड चावते. घरातल्या सगळ्यांना हे एकदा प्रेमाने सांगून ठेवा.

इस्त्री हाताशी हवीच. नवशिक्याच्या आणि मुरलेल्या माणसाच्या कामात जो फरक दिसतो, त्यातला निम्मा इस्त्रीचा असतो असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक टीप मारल्यावर ती आधी जशी आहे तशी दाबायची, मग शिवण उघडून किंवा एका बाजूला वळवून दाबायची, आणि त्यानंतरच पुढची टीप. इस्त्री कापडावर घासत नेऊ नका. उचला, ठेवा, दाबा. घासलं की कापड ताणलं जातं.

कापड बेतण्याआधी

सुरुवात मध्यम जाडीच्या, घट्ट विणीच्या सुती कापडाने करा. ते सरकत नाही, इस्त्रीला ऐकतं आणि खडूची रेघ धरून ठेवतं. साटीन, जॉर्जेट, ताणलं जाणारं होजिअरी हे सगळं नंतर.

सुती कापड आधी धुऊन वाळवून घ्या. तयार वस्तू जशी धुतली जाणार आहे तसंच ते आता धुवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ते शिवल्यानंतर आटलं तर शिवणी ओढल्या जातात आणि कडेला सुरकुत्या पडतात, ज्या कुठल्याच इस्त्रीने जात नाहीत.

मग धागा बघा. कापडाच्या दोन्ही काठांना समांतर जातो तो उभा धागा, काठाला काटकोनात जातो तो आडवा. उभ्या धाग्यावर कापड सर्वात कमी ताणलं जातं, आडव्यावर थोडं जास्त, आणि ४५ अंशांच्या तिरक्या रेषेत, म्हणजे उरेब, सर्वात जास्त. पिशवीचे बंद उरेब कापले तर ते वजनाने लांबत जातील. गोल गळ्याची पट्टी मात्र उरेबच हवी, कारण तिला वळायचं असतं. हे एकदा हाताला समजलं की अर्धं बेतणं समजलं. एक रुमाल घ्या, तिन्ही दिशांना ओढून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, पण विसरलं जात नाही.

आणि माया, म्हणजे टिपेच्या बाहेर कडेला राखायचं जादा कापड, सोडायला विसरू नका. कपड्यांना साधारण १.५ सेंटीमीटर माया ठेवण्याची पद्धत आहे, तुकडे जोडून करायच्या कामात ती सुमारे ६ मिलीमीटर असते. या बारीक मायेत एका मिलीमीटरची चूकही दहा तुकड्यांनंतर सेंटीमीटरची होते. म्हणून यंत्राच्या पत्र्यावर सुईपासून मोजून रंगीत चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिच्या बाजूने चालवा. नजर सुईवर न ठेवता त्या पट्टीवर ठेवा. टीप सरळ येण्याचं रहस्य एवढंच आहे.

सुई, दोरा आणि यंत्राचं म्हणणं

सुईच्या पाकिटावर ८०/१२ असं लिहिलेलं असतं. यातला ८० म्हणजे सुईची जाडी ०.८० मिलीमीटर, १२ हा त्याच जाडीचा दुसऱ्या पद्धतीतला क्रमांक. तलम कापडाला ७०, नेहमीच्या सुती कापडाला ८०, जाड कापडाला ९० आणि डेनिम किंवा कॅनव्हासला १०० हे लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. ताणल्या जाणाऱ्या कापडाला गोलसर टोकाची वेगळी सुई मिळते. ती धागे न तोडता त्यांच्या मधून वाट काढते.

सुई स्वस्त वस्तू आहे, तिच्यात जीव अडकवू नका. साधारण आठ-दहा तास शिवलं की बदला. टोक बोथट झालं की "टक् टक्" असा आवाज येतो, टाके सुटतात आणि आपण उगाच यंत्राला दोष देत बसतो.

यंत्र नेमकं काय करतं हे समजलं तर निम्म्या अडचणी आपल्या आपण सुटतात. हातशिलाईत एकच दोरा असतो आणि सुईचं भोक मागच्या टोकाला असतं. यंत्राच्या सुईचं भोक टोकापाशी असतं. अशी सुई आणि दोन दोऱ्यांचा टाका यांचं अमेरिकेतलं पेटंट एलियास हाऊ यांना १८४६ साली मिळालं. वरचा दोरा सुईबरोबर कापडाखाली जातो, तिथे त्याचा फास होतो, तो फास बॉबिनच्या, म्हणजे खाली बसवलेल्या छोट्या रिळाच्या, दोऱ्याभोवती फिरतो आणि दोघं कापडाच्या जाडीच्या मधोमध एकमेकांत अडकतात. गाठ मधोमध पडली तर टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. म्हणूनच उलटी बाजू ही यंत्राची नाडी आहे.

कापडाच्या तुकड्यावर वर एका रंगाचा आणि बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा दोरा घालून टीप मारा. खालचा रंग वर ठिपक्यांसारखा दिसतोय? वरचा ताण जास्त आहे, थोडा सैल करा. वरचा रंग खाली दिसतोय? वरचा ताण कमी आहे. ताणाची खुंटी एका वेळी अर्धाच आकडा फिरवा आणि पुन्हा टीप मारून बघा. टाक्याची लांबी नेहमीच्या कामाला २.५ मिलीमीटर, कच्च्या टिपेला ४ ते ५.

खाली दोऱ्याचा गुंता होणं हा सगळ्यांत नेहमीचा त्रास. गुंता खाली दिसतो म्हणून लोक बॉबिन उघडून बसतात. मीही पहिलं वर्ष तेच केलं. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. दाबपट्टी (सुईपाशी कापड दाबून धरणारा यंत्राचा पाय) खाली असताना दोरा ओवला, तर ताण देणाऱ्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये न बसता बाहेरूनच जातो. मग त्याला ताणच उरत नाही आणि तो खाली भसाभस ओढला जातो. दाबपट्टी वर करा, दोरा पूर्ण काढा, पहिल्यापासून ओवा. तरी त्रास राहिला तर सुई बदला. त्यानंतर बॉबिन काढून तिथला बोळा ब्रशने साफ करा. याच क्रमाने जा.

पहिली वस्तू: आतून स्वच्छ पिशवी

पहिल्याच दमात ब्लाउज किंवा शर्ट घेऊ नका. माप चुकलं की मन मोडतं. पिशवीला कोणाचं माप लागत नाही, ती रोज वापरली जाते आणि चार लोकांच्या नजरेला पडते. इथे मी साधी टीप न सांगता मुद्दाम दुहेरी शिवण सांगते आहे, कारण कच्ची कड आत बंद झाल्यावर होणारा आनंद पहिल्याच वस्तूत मिळायला हवा.

धुऊन इस्त्री केलेल्या कापडातून ३९ × ८४ सेंटीमीटरचा एक तुकडा कापा. ८४ ची बाजू उभ्या धाग्यावर. बंदांसाठी १० × ६० सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या, त्याही उभ्याच धाग्यावर.

बंद आधी करून ठेवा. पट्टी लांबीत मधोमध दुमडून इस्त्री करा, उघडा, दोन्ही लांब कडा मधल्या रेघेपर्यंत आणून दाबा, पुन्हा मधोमध दुमडा. २.५ सेंटीमीटर रुंदीचा चार पदरी बंद झाला. दोन्ही लांब कडांच्या अगदी जवळून टीप मारा.

आता मोठा तुकडा उलट्या बाजू एकमेकींना लागतील असा मधोमध दुमडा. हो, उलट्यावर उलटी. नेहमीच्या सवयीच्या अगदी विरुद्ध. तळाशी घडी येते, तिथे शिवणच नाही. दोन्ही बाजूंना कडेपासून ५ मिलीमीटरवर टीप मारा. मग माया कापून ३ मिलीमीटर करा. हात थरथरतो इथे, पण नीट कापा, कारण राहिलेला एखादा धागा पुढे बाहेर डोकावतो. शिवणीवर इस्त्री करा. पिशवी आतून बाहेर वळवा, म्हणजे आता सुलट्या बाजू आत आल्या. कडा बोटांनी चोळून टीप अगदी टोकावर आणा, दाबा, आणि कडेपासून १ सेंटीमीटरवर दुसरी टीप मारा. कच्ची कड त्या दोन टिपांमध्ये कायमची बंद झाली. तळाच्या आणि वरच्या टोकाला दोन-तीन टाके मागे-पुढे घेऊन दोरा पक्का करा.

तोंडाची कड आधी १ सेंटीमीटर उलट्या बाजूकडे दुमडून दाबा, मग ३ सेंटीमीटर दुमडून दाबा. बंदांची टोकं बाजूच्या शिवणीपासून ९ सेंटीमीटरवर या दुमडीखाली सरकवून टाचण्या लावा. बंदाला पीळ पडलेला नाही ना, हे दोनदा बघा. दुमडीच्या खालच्या कडेला सगळीकडून टीप मारा. मग बंद वर उचलून त्याच्या मुळाशी चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप मारा. सगळं वजन तिथेच येतं.

पिशवी सुलटी करण्याआधी क्षणभर तशीच धरून ठेवा. उलट्या बाजूला एकही सुटा धागा नाही. हे बघण्यासाठीच सगळा खटाटोप होता.

गोडी टिकवायची कशी

मी कामाला बसते तेव्हा पूर्ण करायचं असं ठरवत नाही. उठताना पुढची पायरी तयार करून ठेवते: दोन तुकडे टाचून यंत्राच्या दाबपट्टीखाली ठेवलेले. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं मिळाली तरी पहिली टीप लगेच पडते, आणि पहिली टीप पडली की पुढची आपोआप पडते.

एक वही करा. प्रत्येक कामाच्या कापडाचा बोटभर तुकडा त्यात टाचा, शेजारी सुईचा क्रमांक, टाक्याची लांबी, ताणाचा आकडा आणि लागलेला वेळ लिहा. माझी पहिली वही आज माझ्यासाठी कुठल्याही पुस्तकापेक्षा कामाची आहे.

उसवणं हे कामाचंच अंग समजा. दर तिसऱ्या-चौथ्या टाक्याला उसवणी लावा आणि दुसऱ्या बाजूचा दोरा ओढा. सबंध दोरा एका दमात निघतो. रात्री उशिरा, डोळे जड झालेले असताना उसवायला घेऊ नका. कापड फाटतं ते तेव्हाच.

यंत्राचा कंटाळा आला की हातशिलाईकडे जा. साधा धावदोरा, जुन्या कपड्याला लावलेलं ठिगळ. जपानमधल्या साशिको शिवणीत याच साध्या धावदोऱ्याने झिजलेलं कापड मजबूत केलं जायचं, आणि त्यातूनच तिची भौमितिक नक्षी आली.

लोकांपुढे नेण्याआधी

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी पिढ्यान् पिढ्या झिजलेल्या कामाच्या कपड्यांचे तुकडे जोडून अंथरूण-पांघरूणं शिवली, ऊब मिळावी म्हणून. २००२ साली ह्यूस्टनच्या ललित कला संग्रहालयात ती भिंतीवर टांगली गेली, शिवणाऱ्या प्रत्येकीच्या नावासह. २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. मला यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते नाव. काम बरं असेल तर त्याच्यावर आपलं नाव घालायला संकोच करू नका.

नावाची पट्टी घरीच करता येते. सुती फितीवर धावदोऱ्याने किंवा कापडावर टिकणाऱ्या शाईच्या पेनने नाव लिहा, फीत दुमडा आणि बाजूच्या शिवणीत तिची टोकं अडकवा. दुहेरी शिवणीत ती दुसऱ्या टिपेच्या वेळी, आतल्या बाजूला घाला.

दुसऱ्याच्या आराखड्यावरून शिवलं असेल तर त्याच्या अटी वाचा. काही आराखडे फक्त घरगुती वापरासाठी असतात, त्यावरून केलेली वस्तू विकता येत नाही. जिथे परवानगी आहे तिथेही मूळ कलाकाराचं नाव लिहा. ज्या हातांनी आपल्याला वाट दाखवली त्यांचं नाव घेतल्याने आपलं काम लहान होत नाही.

फोटो

महागडा कॅमेरा नको, खिडकी हवी. थेट ऊन येत नसलेल्या खिडकीशेजारी वस्तू ठेवा, उजेड एका बाजूने येऊ द्या. बाजूच्या उजेडात टाक्यांची सावली पडते आणि कापडाचा पोत दिसतो. समोरून फ्लॅश मारला की सगळं सपाट होतं आणि रंगही बदलतो. अंधाऱ्या बाजूला एक पांढरा पुठ्ठा उभा करा, सावली मऊ होते. घरातले दिवे बंद ठेवा, नाहीतर खिडकीचा निळसर आणि दिव्याचा पिवळा उजेड मिसळून पांढरं कापड मळकट दिसतं. फोटोआधी इस्त्री, आणि लेन्स स्वच्छ कापडाने पुसून घ्या.

एका वस्तूचे मी पाच फोटो घेते. पूर्ण वस्तू, हातात किंवा खांद्यावर (म्हणजे आकार कळतो), जवळून एखादा कोपरा किंवा बंदाचं मूळ, उलटी बाजू, आणि वापरात असताना. पाचांपैकी एकच टाकायचा असेल तर मी बऱ्याचदा चौथाच टाकते.

अर्धवट कामाचेही फोटो ठेवा. कापलेले तुकडे, टाचण्या लावलेली कड, उसवलेली टीप. लोकांना तयार वस्तूइतकंच ती होताना बघायला आवडतं, आणि शिकणाऱ्यांना तर त्याचाच उपयोग होतो.

शब्द आणि जागा

फोटोखाली "कशी वाटली?" एवढंच लिहून थांबू नका. माप, कापड, कसं धुवायचं, किती तास लागले आणि एक अडचण जी सोडवली, एवढं लिहा. "तोंडाची दुमड तीन सेंटीमीटर ठेवली, म्हणजे वजनाने पिशवीचं तोंड पसरत नाही" या एका वाक्याने वाचणाऱ्याला कळतं की शिवणाऱ्याने विचार केलाय.

इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब, पिंटरेस्ट सगळीकडे एकदम जाऊ नका. शिवायला वेळ उरणार नाही. फोटोत रमत असाल तर इन्स्टाग्राम, समजावून सांगायला आवडत असेल तर यूट्यूब. एकच निवडा आणि सहा महिने तिथेच राहा. सुरू करण्याआधी आठ-दहा कामांचे फोटो हाताशी ठेवा, म्हणजे एखाद्या आठवड्यात काही शिवलं नाही तरी घाईने काहीतरी शिवण्याची वेळ येत नाही. इतर शिवणाऱ्यांच्या कामावर मनापासून, नेमकं लिहा. "काज किती सारखे आले आहेत" असं कोणी लिहिलेलं मला दिवसभर पुरतं.

टेबल मांडताना

प्रदर्शनात जागा मिळाली तर सगळं टेबलावर आडवं पसरू नका. काही वस्तू नजरेच्या उंचीला टांगा. एक पिशवी मुद्दाम उलटी करून ठेवा. "हात लावून पाहा" अशी पाटी लावा, कारण लोक हात लावायला घाबरतात आणि कापड हाताला कळतं. हातात एखादं छोटं शिवण घेऊन बसा. रिकाम्या हातांनी ग्राहकाकडे बघत बसलं की तो अवघडतो. टाके घालत असलात की आपणहून जवळ येऊन विचारतो.

कोणी ऑर्डर दिली तर

किंमत ठरवताना कापड आणि दोरा धराच, पण तासही धरा. वही इथे उपयोगी पडते. बेतणं, इस्त्री, उसवणं, फोटो हेही तासच आहेत. फक्त कापडाचे पैसे घेऊन काम देणं हा औदार्याचा भाग वाटतो, पण त्यामुळे त्याच कामावर घर चालवणाऱ्या शिवणाऱ्यांचाही भाव पडतो. भेट द्यायची तर पूर्ण भेट द्या; विकायचं तर पूर्ण किंमत सांगा.

माप, रंग, तारीख लिहून घ्या आणि कापडापुरती रक्कम आधी घ्या. तारीख सांगताना वहीतल्या वेळेच्या दुप्पट सांगा. जे शिवायला आवडत नाही त्याला नम्रपणे नाही म्हणा. मी पडदे घेत नाही. लांबच लांब सरळ टिपांनी माझा जीव थकतो, आणि ते कामात दिसतं.

वस्तू देण्याच्या आदल्या दिवशी ती उलटी करा. दोऱ्यांची टोकं कापा, शिवणींवर शेवटची इस्त्री फिरवा, बंद दोन्ही हातांनी ओढून पाहा, खिडकीशी नेऊन आतला फोटो घ्या. मग सुलटी करून घडी घाला.